पेरलेला पुरावा

सन १८८५, पौषातली पहाट. तुम्ही बंडीवर, कापसाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतून बसला आहात आणि कारंज्याची मंगरूळ वेस समोर दिसायला लागली आहे. बैल रात्रभर चालले. त्यांच्या नाकातून वाफ निघते आहे. मागे-पुढे बंड्याच बंड्या. अंगात कोपरी, डोक्याला मुंडासं. मोबाइल अजून शंभर-सव्वाशे वर्षं लांब आहे, तेव्हा खिसे चाचपू नका. सेठजींनी आषाढात दिलेल्या उचलीचा हिशेब मात्र तुमच्या डोक्यात पक्का आहे. सेठजींच्या वहीत तो वेगळा आहे, एवढंच.

बाजारात तुमचं काम बैल सोडायचं. बाकीचं अडत्या करतो. तो तुमचा माणूस; निदान तो तसं म्हणतो. त्याच्यामागून खरेदीदार येतो, कोपरापर्यंत हात ढिगात खुपसतो, आतून मूठभर कापूस ओढून काढतो, रुई ताणून बघतो, सरकी दाताखाली धरतो. काढलेली मूठ परत ढिगात पडत नाही, ती त्याच्या झोळीत जाते. हा नमुना. अशा झोळ्या दिवसाकाठी किती भरतात ते विचारू नका. मग दोघं एकमेकांचा हात हातात घेतात आणि वरून उपरणं टाकतात. उपरण्याखाली बोटं दाबली जातात. एक बोट, दोन बोटं, पेर, अर्धं पेर. तुम्ही टक लावून बघता आहात. कापूस तुमचा, भाव तुमच्या डोळ्यांदेखत ठरतो आहे आणि दिसतं आहे ते फक्त हलणारं उपरणं.

"झालं पाटील. असा भाव आज कोनालेच भेटला नाई."

किती झाला, ते अडत्या नंतर सांगणार. आता बंडी खरेदीदाराच्या आवारात घ्या. काटा तिथं आहे, वजनं त्याची आहेत, मापारी त्याच्या पदरचा आहे. मापारी पहिल्या धारणीला 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन. आवाज चांगला खणखणीत आहे. अर्धी बंडी रिकामी होते आणि तोवर गप्प बसलेले सेठजी पुढे येतात, खालच्या कापसाला हात लावतात. "वल्ला हाये." ओल्यापायी कडता, म्हणजे वजनात कपात. मग हमाली, तोलाई, धर्मादाय. सौदा मोडायचा तर उतरवलेला कापूस पुन्हा भरा आणि तीच रात्र उलटी चाला. शिवाय उचल आहेच.

फिर्याद करायची म्हटली तरी कशाच्या जोरावर करणार? भाव उपरण्याखाली झाला. वजन दुसऱ्याच्या वाड्यात झालं. आणि कापूस, जो ओला होता की कोरडा यावरच सगळं भांडण, तो एव्हाना दहा गावच्या कापसात मिसळला. ढिगाकडे बघा. त्यातला तुमचा कोणता?

कायदा नव्हता असं समजू नका. तिकडे मुंबई इलाख्यात कापसातल्या लबाडीविरुद्ध १८२९ मध्येच कायदा झाला होता आणि १८६३ मध्ये आणखी एक. पण ती लबाडी म्हणजे कापसात सरकी, माती, पाणी मिसळण्याची. लिव्हरपूलला पोचलेल्या गाठीत खडे निघू नयेत म्हणून सरकार जागं झालं. काट्याच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न पुष्कळ उशिरा सुचला आणि सुचला तेव्हाही मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस सरळ हाताने मिळावा म्हणून सुचला. मला त्यात वावगं वाटत नाही. आपल्या फायद्यासाठी का होईना, कुणीतरी काट्याकडे बघितलं.

वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं आणि १८५३ पासून कारभारात इंग्रजांचं. १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार तो हाच. वाशीम म्हटलं की आपण वत्सगुल्म आणि वाकाटकांवर येऊन थांबतो, कारंजा म्हटलं की गुरुमंदिर. शेतमालाच्या बाजाराला कायद्याची पहिली वेसण इथं घातली गेली हे वाशीम जिल्ह्यातल्या किती शाळांत सांगत असतील, शंका आहे. १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. त्या साली पुन्हा याच आवारात उभे राहा. दलाल आणि मापारी आता परवान्यावर आहेत. कडता किती आणि कशाचा, याला नियम आहे. मोडला तर दंड आहे. देखरेखीला समिती आहे. समितीत कोण, म्हणाल तर दोन नगरपालिकेचे आणि बाकीचे कापसाचे व्यापारी. तुम्ही दारात उभे आहात तिथूनच खुर्च्या मोजून घ्या. तुमची नाही. ती यायला पुढची काही दशकं आणि १९२८ च्या शाही कृषी आयोगाचा अहवाल लागला.

आता उडी मोठी आहे. एकशे एक वर्षांची.

१९९८, दिल्ली. सर्वोच्च न्यायालयातल्या एका दालनात तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. मधल्या काळात शेतकरी विकणारा होता तो विकत घेणाराही झाला. पूर्वी बी घरच्या कणगीत असायचं, वाणाची देवघेव भावकीत व्हायची. आता ते पिशवीत येतं. पिशवीवर कंपनीचं नाव, लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पिशवी विकत घेणाऱ्याला जिल्हा मंचाचं दार उघडून दिलं. समोर चाललेला खटला आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्याचा आहे. सूर्यफुलाचं बियाणं, कंपनी आपल्या जालन्याची, महाराष्ट्र हायब्रीड सीड्स.

कंपनीचा मुद्दा ऐका, कारण तो अगदीच टाकाऊ नाही. कायदा म्हणतो, वस्तूतला दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर मंचाने तिचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवावा. इथं नमुना गेलेला नाही. मग बियाणं सदोष होतं हे कशावरून?

शेतकऱ्याने नमुना द्यायचा कुठून? त्याने घेतलं तेवढं बी पेरलं. बी घेतात ते पेरायलाच. मूठभर बाजूला काढून, आपण पुढे कोर्टात जाणार आहोत या हिशेबाने ते कुणी डब्यात भरून ठेवत नाही. उगवलं नाही म्हणजे ते कुजलं, आणि कुजलं म्हणजे पुरावाही कुजला. तुम्हाला तो कारंज्याचा ढीग आठवत असेल. न्यायालयाने हे ओळखलं. शेतकऱ्याने सगळं बी पेरलेलं असणार, तपासायला काही उरलेलं नसणार, हे त्याने गृहीत धरलं. उलट कंपनीला शंका होती तर बियाणं तपासायला पाठवा असा अर्ज तिनेच मंचापुढे करायला हवा होता, तो केला नाही, याकडे बोट दाखवलं.

चौदा वर्षांनी, १६ जानेवारी २०१२ ला, त्याच इमारतीत पुन्हा बसा. या वेळी नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन, म्हणजे केंद्र सरकारचीच कंपनी, आणि समोर पुन्हा आंध्रचे शेतकरी. वकिलांनी भात्यातले सगळे बाण काढले आहेत. बियाण्यांसाठी १९६६ चा वेगळा कायदा असताना ग्राहक मंचाचा संबंध काय? शेतकरी पीक विकतो, म्हणजे धंदा करतो. तो ग्राहक कसा? करारात लवाद आहे, तिकडे जा. आणि शेवटी तेच: नमुना कुठाय? न्यायालयाने एकेक मुद्दा बाजूला ठेवला. शेतकरी ग्राहक आहे. आणि बियाणे कायद्यात नुकसानभरपाईची सोयच नसेल तर त्या कायद्याकडे बोट दाखवून शेतकऱ्याला परत पाठवता येणार नाही.

सोय नाही म्हणजे किती नाही, ते बघण्यासारखं आहे. बियाणे अधिनियम १९६६, कलम १९. पहिल्या गुन्ह्याला दंड पाचशे रुपयांपर्यंत. दुसऱ्यांदा केला तर हजारापर्यंत, किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही. १९६६ मध्ये पाचशे रुपयांत बैल येत असेल. आज त्यात सोयाबीनची पाव पिशवीही येत नाही.

वाशीमला परतायच्या आधी वाट थोडी वाकडी करू. २०१७ चा खरीप, मानोऱ्याची शीव ओलांडून यवतमाळ जिल्हा. कपाशी त्या वर्षी डोक्याच्याही वर गेली होती. तुमच्या पाठीवर पंप आहे, तुम्ही रोजाने फवारायला आला आहात आणि नळी वर धरून मारलेलं औषध वाऱ्यावर तुमच्याच तोंडावर येतं आहे. त्या हंगामात जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. काहींची दृष्टी काही दिवसांसाठी गेली. ते प्रकरण पुढे थेट स्वित्झर्लंडला, बाझल शहरात पोचलं: 'पोलो' हे औषध बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध दोन मृतांच्या घरच्यांनी आणि वाचलेल्या एकाने तिथल्या कायद्याने दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले. या दाव्याला उभं राहायला पाय कुठून मिळाले तर पोलिसांच्या नोंदींतून. कोणत्या माणसाने कोणतं औषध फवारलं होतं, त्याचं नाव नोंदीत उतरलं होतं म्हणून. बाटली नेहमी बांधावरच फेकलेली असते. ती उचलून तिच्यावरचं नाव कुणी उतरवून घेतलं की नाही, एवढ्यावर सात हजार किलोमीटरवरचं कोर्ट गाठता येतं की नाही ते ठरतं.

बरं. आता जून २०२०, आणि इथं जरा थांबायचं आहे.

तुम्ही रिसोड तालुक्यात, स्वतःच्या शेताच्या बांधावर आहात. तोंडाला रुमाल आहे, पण तो धुळीसाठी नाही, करोनासाठी. वाशीम आता सोयाबीनचा जिल्हा आहे. १९९४ मध्ये जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने जेएस-३३५ नावाचं वाण दिलं, ते इथल्या काळ्या रानाला असं मानवलं की कपाशी मागं सरकत गेली. तुमचा सगळा खरीप त्याच्यावर. मृग बरा लागला, जमीन चांगली भिजली, तुम्ही ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने दोन दिवसांत पेरून मोकळे झालात. आज सातवा दिवस.

तासाकडे बघा. चौथ्या-पाचव्या दिवशी जमीन फुगून बारीक भेग पडायला हवी, सहाव्याला दोन दलं वर यायला हवीत. तुमच्या शेतात हातभर अंतरावर एक रोप आहे, मग मोकळी जागा, मग दोन, मग नुसती माती. गुडघे टेका. बोटाने तास उकरा. दाणा सापडतो. फुगला आहे, साल सुटली आहे, चिमटीत धरला की लगदा होतो. नाकाजवळ नेला तर वास कळेल, शिळ्या पिठासारखा, आंबूस. पुढचा दाणा बघा. याला मोड आला होता, पण वाकडा, जागच्या जागी काळा पडलेला. पुढचा दोन फाकांत तुटलेला.

शेजारच्या काकांचं रान हिरवंगार आहे. त्यांनी घरचं बी पेरलं. काकूंनी मे महिन्यात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले होते आणि पाण्याचा शिपका मारत आठवडाभर पडवीत ठेवले होते. कृषी सहायक गावोगाव हेच सांगत फिरत होते. सत्तर दाण्यांना मोड आला की बी पेरण्याजोगं. काकू अंगठाछाप, पण त्यांच्या गोणपाटाने जे सांगितलं ते तुमच्या पिशवीवरच्या छापील टक्क्यांनी सांगितलं नाही.

सोयाबीनचा दाणा मुळात नाजूक. साल पातळ; पोतं उंचावरून आपटलं, मळणीयंत्र जरा वेगाने फिरलं की आतला कोंब दुखावतो आणि वरून कळतही नाही. त्यात २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या पावसाने कापणीवर आलेलं सोयाबीन उभ्या उभ्या भिजवलं, गंज्यांत पाणी शिरलं. बियाण्याचे प्लॉटही त्यातच भिजले. म्हणजे २०२० च्या बियाण्यात खोट येणार हे आठ महिने आधी आभाळाने सांगून ठेवलं होतं. यात लबाडी किती आणि निसर्ग किती, हा प्रश्न रास्त आहे. पण पिशवीच्या टॅगवर 'उगवण किमान ७० टक्के' छापणारा हात निसर्गाचा नव्हता. भिजलेला माल आहे हे ज्याला ठाऊक होतं, ज्याच्याकडे तपासणीची सोय होती, त्याने तो आकडा छापला. तुम्ही आकड्याचे पैसे मोजले.

पिशवी आणा. गोठ्यात असेल, वासराखाली अंथरलेली. टॅग बघा कोणत्या रंगाचा आहे. निळा असेल तर प्रमाणित, बीज प्रमाणीकरण यंत्रणेने प्लॉट बघून दिलेला. तुमचा हिरवा आहे, सत्यतादर्शक. म्हणजे कंपनीने स्वतःच स्वतःच्या मालाबद्दल खरं सांगितल्याची ग्वाही. लॉट नंबर वाचता येतो का? अर्धा पुसलाय. शेणाचा हात लागला. कृषी केंद्राचं बिल? ते घरात, देवाच्या फोटोमागं खोचलेलं असेल. असू द्या, पण त्यावरही लॉट नंबर असायला हवा. आहे. नशीब.

कृषी केंद्रवाले भाऊ तुम्हाला बघूनच हात जोडतात. "पिशवी शिलबंद आली, शिलबंद देल्ली. मी का आत जाऊन पाह्यलं का दादा?" खरं आहे त्यांचं. पण कंपनीचा माणूस तुम्हाला कुठं भेटणार? तुमच्यासाठी कंपनी म्हणजे हेच काउंटर.

मग तालुक्याला अर्ज. त्या पंधरवड्यात असे अर्ज विदर्भ-मराठवाड्यात हजारोंनी पडले. सरकारी महाबीजपासून खासगी कंपन्यांपर्यंत सगळ्यांच्या पिशव्यांबद्दल. तिकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जूनच्या अखेरीस वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचून आपणहून याचिका दाखल करून घेतली, अधिकाऱ्यांना झापलं, गुन्हे नोंदवा म्हणून सांगितलं. गुन्हे नोंद होऊ लागले, त्यात दुकानदारही आले, आणि जुलैत राज्यभरच्या कृषी केंद्रांनी तीन दिवस शटर खाली ओढलं. तुम्हाला त्या तीन दिवसांत दुबार पेरणीसाठी बी हवं होतं. असो.

तुमच्या शेतात समिती येते. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती: उपविभागीय कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, पंचायत समितीचे कृषी अधिकारी, करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रातले किंवा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, आणि महाबीजचा प्रतिनिधी. बियाणं विकणाऱ्याची एक खुर्ची समितीवर इथंही आहे. तो माणूस सज्जन असेल, जाणकार तर असतोच. तरी मला ती खुर्ची १८९७ पासून ओळखीची वाटते. तुमची खुर्ची? तुम्ही चहा आणायला घराकडे पळता आहात.

पळू नका. पोराला पाठवा आणि इथं थांबा, कारण पुढचा अर्धा तास तुमच्या खटल्याचा सगळा जीव आहे. साहेब टेप धरून तासातली रोपं मोजतात, दोन-तीन ठिकाणी. उकरून दाण्याची खोली बघतात. मग विचारतात: पेरणीआधी पाऊस किती झाला होता? ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं सांगितलं होतं. किती खोल पेरलं? दीड-दोन इंचाखाली गेलं तर कोंब वर येत नाही. खत बियाणाला लागलं का? पेरल्यावर पावसाने जमीन दडपली का? प्रत्येक प्रश्न बरोबर आहे. प्रत्येक प्रश्नात एक दार आहे ज्यातून कंपनी पुढे बाहेर पडू शकते. २००५ मध्ये हरियाणाच्या बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंच आहे की पीक कमीजास्त झालं म्हणून दोष बियाण्याचाच असं होत नाही. पाहणीच्या अहवालात दोष बियाण्याचा असं लिहिलेलं नव्हतं, शेतकरी हरला.

तेव्हा पंचनाम्यात शेवटचा रकाना बघा. 'उगवण कमी आढळली' एवढंच लिहून सगळे गाडीत बसायला निघाले आहेत. कमी आढळली हे तर गुरांनाही दिसतं. का आढळली?

"साहेब, थांबा ना जराक. शेजारचं रान पाहा. त्याच दिवशी पेरलं, त्याच ट्रॅक्टरनं, त्याच पावसावर. त्याचं उगवलं."

साहेब थांबतात. काकांच्या शेतात जातात. खोली मोजतात, तेवढीच. शास्त्रज्ञ मान हलवतात आणि पेन पुन्हा उघडतात. 'लगतच्या क्षेत्रात समान परिस्थितीत उगवण समाधानकारक. सबब सदोष बियाणे हे कारण संभवते.' कंपनीच्या प्रतिनिधीला पाहणीची नोटीस दिली होती का, हेही लिहून घ्या; नाहीतर तो पुढे म्हणेल की मागाहून केलेलं कुभांड आहे. सही. तारीख. प्रत तुमच्या हातात.

आता एक पत्र लिहायचं आहे, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगतो. १९६८ च्या बियाणे नियमांत एक तरतूद आहे. बियाणं विकणाऱ्याने प्रत्येक लॉटची संपूर्ण नोंद तीन वर्षं ठेवायची, आणि त्या नोंदीचा भाग म्हणून लॉटचा नमुनाही. मात्र लॉट संपूर्ण विकला गेल्यावर वर्षभराने नमुना टाकून दिला तरी चालतो. परत वाचा. तुमचं बी मातीत कुजलं, पण त्याच लॉटचं सख्खं भावंड कायद्याने कंपनीच्या गोदामात कुठंतरी बसलेलं आहे. ज्या पुराव्यावाचून शेतकरी इतकी वर्षं मंचात तोंडावर पडत होता तो पुरावा ठेवायची जबाबदारी विकणाऱ्यावर आधीपासूनच होती. पण घड्याळ बघा: ग्राहक आयोगात जायला तुम्हाला दोन वर्षांची मुदत आहे आणि नमुन्याचं आयुष्य लॉट संपल्यापासून एक वर्षाचं. नुकसानभरपाई मिळेल, बोलणी चालू आहेत, साहेब म्हणाले होते, यात ते वर्ष अगदी आरामात निघून जातं. म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये, दुबार पेरलेलं सोयाबीन फुलावर असताना, तुम्ही वाशीमच्या मुख्य पोस्टात उभे आहात. अमुक लॉटबद्दल तक्रार आहे, त्याचा राखून ठेवलेला नमुना आणि नोंदी निकाल लागेपर्यंत नष्ट करू नयेत. कंपनीच्या नावाने पाच ओळींचं पत्र, रजिस्टर, पोचपावतीसह. पावती देवाच्या फोटोमागं नको. फाइलमध्ये.

जून २०२२. दोन वर्षं भरायला आठवडा उरला आहे आणि तुम्ही वाशीमच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाच्या दारात आहात. मंच आता आयोग झाला. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० ला लागू झाला, तुमच्या शेतात पंचनामा झाला त्याच हंगामात. त्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर कशी पडते याचं स्वतंत्र प्रकरण आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. तुम्ही पिशव्यांचे पैसे, पेरणीचा खर्च, बुडालेलं उत्पन्न मांडलं आहे. बुडालेल्या उत्पन्नासाठी काकांच्या त्या वर्षीच्या विक्रीची बाजार समितीतली काटापट्टी जोडली आहे. त्यावर परवानाधारक मापाऱ्याची सही आहे.

कंपनीचे वकील लेखी उत्तरासाठी मुदत मागतात. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवस मिळतात. मग पुन्हा मागतात, पंधरा मिळतात. त्यापुढे मिळत नाहीत, कारण मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पंचेचाळिसाव्या दिवशी दार लावून घेतलं आहे. पूर्वी याच एका उत्तरासाठी वर्ष-वर्ष जायचं.

लेखी उत्तर येतं. चांगलं जाडजूड आहे. पेरणी खोल झाली असावी. पाऊस अपुरा असावा. बीजप्रक्रिया केलेली नसावी. बियाणं प्रयोगशाळेत तपासलेलं नाही, सबब दोष सिद्ध नाही. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, सहज सांगितल्यासारखं: सदर लॉटचा राखीव नमुना नियमानुसार विहित कालावधीनंतर नष्ट करण्यात आला आहे.

तुमची वकील तरुण आहे, मंगरुळची. ती उठते आणि फाइलमधून पोस्टाची पोचपावती काढून पुढे ठेवते. त्यावर कंपनीच्या कार्यालयाचा शिक्का आहे आणि ऑगस्ट २०२० ची तारीख. अध्यक्ष चष्मा वर करून ती वाचतात, मग लेखी उत्तराचं ते पान उघडतात, दोन्ही शेजारी ठेवतात. कंपनीचे वकील म्हणतात, पत्रातला मजकूर त्यांना बघावा लागेल, सूचना घ्याव्या लागतील.

"घ्या ना," अध्यक्ष म्हणतात. "आणि येताना नमुना कोणत्या तारखेला नष्ट केला ते शपथपत्रावर आणा. ज्याने केला त्याच्या सहीनं."